उपग्रहाची वेळ आणि शाळेची घंटा

आपले कोल्हापूर सुमारे ७४ अंश पूर्व रेखांशावर आहे. १९८३ साली अवकाशात गेलेला 'इन्सॅट-१बी' उपग्रहही विषुववृत्तावर याच रेखांशाला स्थिरावला. कोल्हापुरातून तो जवळजवळ थेट दक्षिणेस, क्षितिजापासून सुमारे ७० अंशांवर होता. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. तिचे पाठ दूरदर्शनवरून दिसू लागले.

अडचण वेळेची होती. प्रसारणाच्या वेळी वर्गात दुसराच तास असला, की पाठ हुकला! कॅसेट रेकॉर्डरने ही अडचण सोडवली. पण प्रतीची प्रत काढताना चित्र फिके पडे. १९९९ मध्ये अमेरिकेत हार्ड डिस्कवर मुद्रण करणारे डिजिटल रेकॉर्डर बाजारात आले. डिजिटल उपग्रह रिसीव्हर त्यांना पिवळ्या-लाल-पांढऱ्या तारांनी जोडला, तर त्यातील अंकांचे आधी ॲनालॉग संकेत होत आणि रेकॉर्डरमध्ये पुन्हा अंक. या दुहेरी रूपांतरात बारकावे हरवत. पुढे रिसीव्हरमध्येच डिस्क बसवली गेली, तेव्हा आलेले अंक जसेच्या तसे साठवता येऊ लागले.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की पाठ कुठे थांबवायचा आणि प्रश्न केव्हा विचारायचा, हे मुद्रणामुळे शिक्षकाला ठरवता आले.