व्हिसाची वाट : परदेशी शिक्षण आणि दलित विद्यार्थी

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० च्या दशकात लिहिलेल्या आत्मकथनपर टिपणांचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असे आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. या पुस्तिकेत कोठेही परदेशी वकिलातीचे दार नाही. मसूरच्या स्टेशनावर खोळंबलेली मुले आहेत, बडोद्याची पारशी धर्मशाळा आहे, दौलताबादच्या किल्ल्यातले पाण्याचे टाके आहे. नाव मात्र व्हिसाचे! आपल्याच देशातल्या पाणवठ्यावर, धर्मशाळेत, बैलगाडीत जायला ज्याला परवाना लागतो, त्याची ही कैफियत आहे. परदेशी शिक्षणासाठी जाणाऱ्या दलित विद्यार्थ्याच्या इतिहासाकडे याच नजरेने पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात परदेशगमनाचा इतिहास सांगताना नेहमी समुद्रबंदीची गोष्ट सांगितली जाते. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा धर्म बुडाल्याची ओरड झाली. १८८८ मध्ये विलायतेला निघालेल्या गांधींना त्यांच्या जातीने बहिष्कृत केले. परत आलेल्यांनी प्रायश्चित्त घ्यावे की नाही, यावर सुशिक्षितांनी वर्षानुवर्षे वाद घातले. ही सारी सवर्णांची अडचण होती. समुद्र ओलांडला तर जात जाईल, ही भीती ज्याला जातीपासून लाभ आहे त्याला. ज्याला गावच्या विहिरीची बंदी, त्याला समुद्राची बंदी घालायची गरजच कोणाला पडली नाही. अस्पृश्याची वाट धर्मशास्त्राआधी दारिद्र्याने अडवलेली होती.

१९१३ साल या दृष्टीने फार बोलके आहे. त्या काळी हिंदुस्थानातून अमेरिकेला शिकायला जाण्यासाठी आजच्यासारखा व्हिसा लागत नव्हता. बंदरावर तपासणी होई, एवढेच. म्हणजे कागदोपत्री दार उघडे होते. तरीही त्या उघड्या दारातून एक पदवीधर महार तरुण आत गेला, तो सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून. वडील रामजी सुभेदार फेब्रुवारीत वारले होते. ४ जून १९१३ रोजी भीमरावांनी बडोदे संस्थानाशी करार केला : शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करीन. जुलैत ते न्यूयॉर्कला पोचले. परत येण्याची हमी आजचा व्हिसा मागतो; ती त्यांनी व्हिसा नसतानाच लिहून दिली होती.

१९१६ साली ते लंडनला गेले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. परवानगी होती, पैसा नव्हता. कराराप्रमाणे ते बडोद्याला रुजू झाले, तेथे पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. परत येण्याची हमी विद्यार्थ्याने पाळली. परत आल्यावर माणूस म्हणून वागवू, ही हमी मात्र त्याला कोणी दिली नव्हती. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजार रुपयांचे कर्ज जमले तेव्हा, जुलै १९२० मध्ये, ते पुन्हा लंडनला गेले.

याच वर्षांत जगाची दारे कागदाने बंद होऊ लागली. पहिल्या महायुद्धात पासपोर्ट सक्तीचा झाला आणि १९२० साली हिंदुस्थानात त्याचा कायदा आला. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा प्रवेशबंद केला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता. विद्यार्थ्यांना तेवढी सूट होती. ब्रिटनने मात्र भारतीयांना व्हिसा सक्तीचा केला तो १९८६ साली.

परक्यांनी दारे लावली, हे समजू शकते. पण स्वतंत्र भारताच्या सरकारने काय केले? १९४७ ते १९६७ या वीस वर्षांत पासपोर्ट हा नागरिकाचा हक्क नव्हता, सरकारची मर्जी होती. परदेशात देशाची अब्रू राखतील अशांनाच तो द्यावा, असे धोरण होते. अब्रू राखणारा म्हणजे शिकलेला, पैसेवाला, इंग्रजी बोलणारा. कलाथ्मिका नटराजन या इतिहास-संशोधिकेने सरकारी दप्तरे तपासून दाखवून दिले आहे की, ज्यांना ‘अनिष्ट’ ठरवून पासपोर्ट नाकारले गेले त्यांत दलितांचा भरणा मोठा होता. घटनेने अस्पृश्यता नष्ट केली होती. पासपोर्ट कचेरीच्या टेबलावर ती जिवंत होती. एप्रिल १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि त्याच वर्षी पासपोर्टचा नवा कायदा झाला. या निकालाचे महत्त्व आपल्या चळवळीत फारसे बोलले गेलेले नाही.

आता व्हिसाच्या अर्जाकडे वळू. त्यात जातीचा रकाना नाही. पण तो काय विचारतो? खर्च कोण करणार? ब्रिटनचा नियम असा की रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून असली पाहिजे. अमेरिकेचा अधिकारी आधी गृहीत धरतो की हा मुलगा तेथेच राहणार. तसे नाही हे मुलाने पटवून द्यायचे. मग घर, जमीन, धंदा, कुटुंबाचे उत्पन्न पुढे येते. ज्याच्या आजोबाला वतनदारी होती त्याच्याकडे सातबारा आहे. ज्याच्या आजोबाच्या वाट्याला येसकरकी आणि भाकरतुकडा आला, त्याने कोणता कागद दाखवायचा? अर्ज जात विचारीत नाही. जातीने पिढ्यान् पिढ्या जे साठवले आणि जे साठवू दिले नाही, त्याचा हिशेब विचारतो.

म्हणूनच सरकारी शिष्यवृत्ती ही मेहेरबानी नव्हे. सरकारी शिष्यवृत्तीचे पत्र हाच व्हिसासाठी पैशाचा पुरावा ठरतो, म्हणजे ते पत्र भूमिहीनाचा सातबारा आहे. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाईसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत पाठवण्यासाठी खास तरतूद मागितली. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आली आणि २००३ मध्ये महाराष्ट्राने राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आपली योजना काढली. यांतून गेलेली मुले आज जगभरच्या विद्यापीठांत आहेत.

पण दिलेले पुन्हा काढून घेण्याच्या वाटाही असतात. २०२२ साली केंद्राच्या योजनेत नियम आला : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास या विषयांना शिष्यवृत्ती नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याने वाचलेला निबंध भारतातील जातींवरच होता. बडोद्याने हा नियम लावला असता, तर तो विद्यार्थी न्यूयॉर्कला पोचलाच नसता. दलिताने परदेशी जाऊन यंत्र शिकावे, जात शिकू नये, असा याचा अर्थ होतो. जुलै २०२५ मध्ये निवडलेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी फक्त ४० जणांना पत्रे निघाली. उरलेल्या ६६ जणांना निधीची उपलब्धता सांगून थांबवले गेले. विद्यापीठाचे सत्र ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते. पत्र नाही तर पैशाचा पुरावा नाही, पुरावा नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर प्रवेश गेला. नकाराचा शिक्का कोणीच मारीत नाही, आणि मुलगा मात्र घरी राहतो.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी यातून काही कामे अंगावर घेतली पाहिजेत. विषयबंदीचा नियम रद्द करून घेणे हे पहिले. शिष्यवृत्तीची पत्रे व्हिसाच्या वेळापत्रकाशी जोडून, सत्राच्या पुरेशी आधी निघतील अशी बांधलेली मुदत मागणे हे दुसरे. तिसरे काम आपल्याच हातचे आहे. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट हे कागद पदवीच्या शेवटच्या वर्षीच तयार व्हावेत, यासाठी प्रत्येक वसतिगृहात जाणत्या माणसाने बसावे. सवर्ण घरात हे ज्ञान जेवणाच्या ताटावर मिळते. आपल्याकडे ते संघटनेने द्यावे लागेल.

१९१३ साली एका विद्यार्थ्याला वाट मिळाली, कारण एक राजा उदार होता. लोकशाहीत विद्यार्थ्याने राजाची वाट पाहायची नसते.