नाबोथचा द्राक्षमळा

यहुदी धर्मग्रंथातील गुन्हा व शिक्षेविषयीची कथा. ‘राजे’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात, 21 व्या अध्यायात ती येते. काळ इ. स. पू. नववे शतक.

इज्रेल येथे नाबोथचा द्राक्षमळा राजा अहाबच्या वाड्याला लागून होता. तिथे भाजीपाला लावावा म्हणून राजाने तो मागितला. बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख मोल देऊ केले. नाबोथने वाडवडिलांची जमीन द्यायला नकार दिला. जमीन देवाची, ती कायमची विकू नये, असा लेवीय ग्रंथाचा नियम आहे. 

राजा अंथरुणावर तोंड फिरवून पडला, जेवेना. राणी ईजबेलने त्याच्या नावाने पत्रे लिहिली, त्याचीच मोहोर उठवली आणि ती गावच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. त्यांनी त्या हुकुमाप्रमाणे उपास पुकारून सभा भरवली. दोन खोट्या साक्षीदारांनी देवनिंदेचा व राजनिंदेचा आळ घेतला आणि नाबोथला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठार केले. राजा मळ्याचा ताबा घ्यायला गेला, तेव्हा संदेष्टा एलीयाने त्याला तिथेच गाठले.

राजाने पत्र लिहिले नव्हते, दगडही मारला नव्हता. तरी एलीयाने खून आणि बळकावणी हे दोन्ही दोष त्याच्या माथी ठेवले. पापाला मुखत्यार नसतो, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून पाप करणारा स्वतःच दोषी ठरतो, हे तालमुद या यहुदी धर्मग्रंथातील तत्त्व वडीलधाऱ्यांना सोडत नाही; हुकूम होता, ही त्यांची सबब टिकत नाही. खोट्या साक्षीदाराने दुसऱ्यासाठी योजलेली शिक्षा त्यालाच द्यावी, असे ‘अनुवाद’ ग्रंथ सांगतो. पण या साक्षीदारांना शिक्षा झाल्याचे कथेत नाही.

अहाबने गोणपाट नेसून पश्चात्ताप केला, म्हणून एलीयाने वर्तवलेले घराण्यावरचे अरिष्ट मुलाच्या काळापर्यंत लांबले. पुढे सेनापती येहूने अहाबचा मुलगा योराम याला मारले आणि प्रेत नाबोथच्या शेतात टाकवले. बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये, हा ‘अनुवाद’मधला दंडक आणि यहेज्केल संदेष्ट्याची शिकवण पाहता हा न्याय अपुराच ठरतो.

मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी या एलीयाला ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणतात. नवस फेडताना, शुभकार्यात त्याच्या नावाने गोड पोहे, खोबरे व फळांचा मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्यातील एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या, अशी त्यांची श्रद्धा आहे.