सुजलेली फांदी

टेट्टे क्वार्शी नावाचा एक लोहार १८७९ साली फर्नांडो पो बेटावरून कोकोचे बी घेऊन गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानामध्ये परतला आणि माम्पाँग गावी त्याने बाग लावली. १९११ साली तो देश कोकोच्या पिकात जगात पहिला ठरला. हे मळेवाल्या साहेबांचे कर्तृत्व नव्हे. लहान लहान शेतकऱ्यांनी पैसा एकत्र करून राने विकत घेतली, मोठे वृक्ष सावलीला राखले आणि खाली कोको लावला. आम्ही मास्तर वसाहतींचा इतिहास शिकवतो, त्यात हे लोक कुठेच भेटत नाहीत!

रानाचा कस ओसरला की पुढचे रान, असे चालले होते. १९३० नंतर मात्र झाडांच्या फांद्या सुजू लागल्या. पिठ्या ढेकूण हा रोग झाडोझाडी नेई. शास्त्रज्ञांना एकच उपाय दिसला : रोगी झाड तोडायचे, शेजारचेही तोडायचे. आणि गंमत पाहा, रोगाचे विष सावरीसारख्या रानवृक्षांतही दडलेले होते. ज्यांच्या सावलीवर कोको जगला, तेच त्याला रोग देणारे निघाले.

महायुद्ध संपल्यावर सरकारने सक्तीने तोड चालवली. शेतकऱ्याला दिसे ते एवढेच, की आपले झाड अजून शेंगा देते आहे. नवे रोप फळावर यायला चार-पाच वर्षे. तोवर पोरांनी खायचे काय? शिवाय १९३७ साली गोऱ्या कंपन्यांनी संगनमताने भाव पाडला तेव्हा याच शेतकऱ्यांनी माल अडवून धरला होता. त्यांना सरकारी कुऱ्हाडीचा संशय आला, यात नवल ते काय? माझ्या मते शास्त्र बरोबर होते, पण हिशेब करताना शेतकऱ्याची मधली चार वर्षे कोणी धरलीच नाहीत.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी आक्रात माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळी चालली आणि शहर पेटले. वॉटसन चौकशी मंडळाने असंतोषाच्या कारणांत या तोडीचीही नोंद केली. पुढे सक्ती सोडून भरपाई द्यावी लागली.

२०२४ साली जागतिक बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरांवर गेला. त्याच काळात घानातले काही शेतकरी सोने खणणाऱ्यांना जमीन देत होते. खड्ड्यांचे पैसे एकरकमी मिळतात. सुजलेले झाड काढून लावलेल्या रोपाची वाट पाहावी लागते.