विमानाचं घरगुती मॉडेल हुबेहूब कसं दिसेल?

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबई-अमरावती मार्गावर अलायन्स एअरचं एटीआर ७२ विमान सुरू झालं. अकोल्याच्या शिवणी विमानतळावरून नियमित प्रवासी सेवा नाही, त्यामुळे अकोलेकरांनाही जवळून पाहायला मिळतं ते हेच विमान. थर्माकोल आणि कार्डशीटमधून त्याचं मॉडेल बनवलंत, पण ते खेळणंच वाटतंय? मग बारकाव्यांकडे पाहा.

आधी स्केल ठरवा

१:७२ हे प्रचलित स्केल आहे. खऱ्या मापाला ७२ ने भागायचं. सहा फुटी माणूस इथे एक इंचाचा होतो.

- पंखांचा विस्तार : २७.०५ मीटर – मॉडेलमध्ये ३७.६ सेंमी
- लांबी : २७.१७ मीटर – ३७.७ सेंमी
- उंची : ७.६५ मीटर – १०.६ सेंमी
- प्रोपेलरचा व्यास : ३.९३ मीटर – ५.५ सेंमी

हमखास चुका कुठे होतात?

दार : मोठ्या विमानांच्या सवयीने आपण प्रवाशांचं दार पुढे काढतो. एटीआरमध्ये ते मागे, डाव्या बाजूला असतं. पुढचं मोठं दार सामानाचं.

प्रोपेलर : या प्रकारच्या जुन्या विमानांना चार पाती होती. एटीआर ७२-६०० ला सहा असतात.

काळ्या पट्ट्या : पंखांच्या पुढच्या कडेला काळं रबर असतं. ते हवेने फुगतं आणि साचलेला बर्फ फोडतं. वऱ्हाडातल्या ४५ अंशांच्या उन्हात हे अजब वाटेल, पण विमान उडतं त्या उंचीवर पारा शून्याखाली असतो.

दिवे : डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्याला हिरवा. डावं-उजवं वैमानिकाच्या बाजूने मोजा.

नोंदणी : भारतीय विमानाचा क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो.

काय गाळायचं?

रिव्हेट. पाच मिलिमीटरचं रिव्हेट या स्केलमध्ये ०.०७ मिलिमीटरचं, म्हणजे केसाच्या जाडीइतकं होतं. टाचणीने टोचे मारले तर विमानाला देवी आल्यासारखं दिसेल. पत्र्यांचे जोड टोकदार पेन्सिलने हलकेच दाखवले तरी पुरे.

रंग देताना

स्प्रे पेंट किंवा थिनर थेट थर्माकोलवर मारू नका, थर्माकोल विरघळतो. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्या. पांढऱ्यात थेंबभर राखाडी मिसळा. निव्वळ पांढरा रंग छोट्या मॉडेलवर भडक दिसतो. टायरही काळेकुट्ट नकोत, गडद राखाडी करा. खिडक्या एकेक रंगवण्यापेक्षा कागदावर छापून पट्टी चिकटवली, तर रांग सरळ येते.

मॉडेल उडवायचं असेल तर?

प्रत्येक बारकाव्याला वजन असतं. शेपटीकडे ते वाढलं की तोल मागे जातो आणि मॉडेल उडताना नाक वर करून कोसळतं. म्हणून रंगकाम संपल्यावर तोल पुन्हा तपासा. गरज पडल्यास नाकात वजन घाला.