कराची ते जुहू

मुंबई ते कराची हे अंतर सरळ रेषेत जेमतेम ८८० किलोमीटर आहे. जेट विमानाला दीड तास पुरे. पण आज हे अंतर कुणी सरळ कापत नाही. थेट विमानसेवा नाही आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलं. ज्याला जायचंच आहे तो आधी दुबई गाठतो, तिथे पुढच्या विमानाची वाट बघतो आणि मग पुन्हा पूर्वेकडे वळून कराचीला उतरतो. ८८० किलोमीटरचे तीन हजारांवर होतात. थांबा धरून सात-आठ तास तरी मोडतात.

साधारण एवढ्याच वेळात १९३२ साली एका इंजिनाचं छोटंसं विमान कराचीहून मुंबईला पोचलं होतं.

लंडनहून येणारं टपाल तेव्हा इंपीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत यायचं. तिथून ते मुंबई, मद्रासकडे विमानानेच न्यावं, ही कल्पना नेव्हिल विन्सेंट या माजी लष्करी वैमानिकाची. जे. आर. डी. टाटांनी ती उचलून धरली. सरकारने अनुदान दिलं नाही, तरी काम सुरू झालं. १५ ऑक्टोबर १९३२ला सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ विमान घेऊन निघाले. सोबतीला टपालाच्या थैल्या, डोळ्यांवर गॉगल आणि हिशेबाला स्लाइड रूल. रेडिओ नव्हता, जमिनीवरून वाट दाखवणारंही कुणी नव्हतं. वेग ताशी सुमारे शंभर मैल.

अहमदाबादला ते इंधनासाठी उतरले. तिथे बर्मा शेलचं पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांतून बैलगाडीवर आलं. ते भरून पस मॉथ पुन्हा उडालं आणि दुपारी दोनच्या आत जुहूला टेकलं. पुढचा बेल्लारी-मद्रासचा टप्पा विन्सेंटने उडवला.

जुहूचं तेव्हाचं विमानतळ म्हणजे समुद्रालगतची चिखलाची सपाट जमीन. पावसाळ्यात भरती आली की धावपट्टी पाण्याखाली. मग विमानं, वैमानिक आणि मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावरून टपाल उडायचं. भारतीय विमानसेवेच्या आरंभाची ही जागा पुणेकरांच्या बोलण्यात फारशी येत नाही, याची खंत वाटते.

त्या काळी कराची परकं गाव नव्हतंच. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा कराचीत अजून उभी आहे.

फाळणी झाली, सरहद्द आली. १९६५ च्या युद्धात विमानं थांबली, १९७६ नंतर पुन्हा सुरू झाली, पुढे पुन्हा बंद पडली. या सगळ्यामधून जेआरडींनी आपली पहिली वाट दोनदा नव्याने उडवली: १९६२ मध्ये आणि मग १५ ऑक्टोबर १९८२ला, पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी. दोन्ही वेळा विमान जुनं लेपर्ड मॉथ. १९८२ मध्ये त्यांचं वय ७८ होतं. कराचीहून निघून, सरहद्द ओलांडून, ते विमान स्वतः चालवत जुहूला उतरले.