खाजगी हेरगिरीच्या व्यवसायाचा उगम

खाजगी हेरगिरी, म्हणजे मोबदला घेऊन ग्राहकासाठी माहिती काढून देण्याचा धंदा, संस्थेच्या रूपात प्रथम उभा राहिला तो पॅरिसमध्ये, आणि त्याचे श्रेय सामान्यतः युजेन फ्रान्स्वा विदोक (१७७५–१८५७) याला दिले जाते. तारुण्यात अनेकदा तुरुंगवास भोगलेल्या आणि तेथूनच पोलिसांचा खबऱ्या झालेल्या विदोकने ‘सूरेते’ या पोलिसांच्या गुन्हेशोधक शाखेचे नेतृत्व केले, आणि ते पद सोडल्यावर १८३३ मध्ये स्वतःची माहिती-कचेरी उघडली.

व्यापाराचा विस्तार होत होता, उधारीवर माल देणे नित्याचे झाले होते आणि अनोळखी ऋणकोची पत जोखण्याचे खात्रीचे साधन व्यापाऱ्यांजवळ नव्हते. ही उणीव हेरून विदोकने वार्षिक वर्गणी भरणाऱ्या व्यापाऱ्यांना ठकसेन व दिवाळखोरांची माहिती पुरवली, आणि या कामी शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांनाही रोजगार दिला. गुन्हेशोध हा आपलाच अधिकार मानणाऱ्या पोलिसांनी मात्र १८३७ मध्ये कचेरीवर छापा घालून ३,५०० हून अधिक कागदपत्रे जप्त केली. पुढे १८४३ मध्ये विदोकला झालेली पाच वर्षांची शिक्षा अपिलात रद्द झाली, तरी कचेरीची पत सावरली नाही.

अमेरिकेत ॲलन पिंकर्टनने १८५० च्या सुमारास शिकागोत स्थापलेल्या खाजगी हेरसंस्थेने १८५६ मध्ये केट वॉर्न या स्त्रीला गुप्तहेर म्हणून नेमले, ही या व्यवसायाच्या इतिहासातील गौरवास्पद घटना होय.