दृष्टिभय : मल्लखांबापासून कातळापर्यंत

१८४० च्या दशकात लखनौच्या नैर्ऋत्येला, गंगेच्या पलीकडच्या काठावर, बिठूर येथे दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे निर्वासित जीवन अखेरच्या टप्प्यात आले होते. १८१८ मध्ये राज्य गमावून, सालिना आठ लाखांच्या तनख्यावर तो बिठूरला, म्हणजेच ब्रह्मावर्तात, येऊन राहिला, तेव्हा त्याच्या मागोमाग पुण्याचे शास्त्री, भिक्षुक, कारकून यांच्याबरोबर आखाड्यातील माणसेही आली. हा सारा मुलूख गाळाच्या सपाट मातीचा आहे. त्यात चढण्याजोगा कडा नाही की सुळका नाही. तरीही अधांतरी असताना मन ठिकाणावर कसे ठेवावे याची एक मराठी विद्या याच मैदानात उतरली आणि पुढे काशीच्या आखाड्यांपर्यंत पोहोचली. ती विद्या म्हणजे मल्लखांब होय.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या बोलीत ‘दृष्टिभय’ असा एक नेमका शब्द आहे. पायाखालची खोबण भक्कम असते, वाट वीतभर का होईना पण रुंद असते, आणि तरीही बाजूची दरी नजरेस पडताच पोटऱ्या थरथरू लागतात व हात नको इतके आवळले जातात, त्या अवस्थेला हा शब्द लावतात. चढाईची अवघड जागा आणि दृष्टिभयाची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भान त्या शब्दातच सामावलेले आहे. प्रस्तरारोहकाच्या, म्हणजे कातळ चढणाऱ्याच्या, मानसिक तयारीचा इतिहास पाहताना हाच भेद मध्यभागी ठेवावा लागतो, कारण जुन्या मराठी परंपरेने भयाशी जो व्यवहार केला तो प्रामुख्याने नजरेशी केलेला व्यवहार होता.

त्याची एक सोपी तऱ्हा लष्करी होती. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे सिंहगडाचा कडा चढले, आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद याने अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, तोही रात्रीच. शत्रूची नजर चुकवणे हा अंधाराचा पहिला उपयोग, यात शंका नाही. पण चढणाऱ्याची स्वतःची नजरही त्याच अंधाराने झाकली जाते आणि खालची खोली त्याच्यापुरती नाहीशी होते, ही गोष्ट इतिहासलेखनात क्वचितच लक्षात घेतली जाते.

दुसरी तऱ्हा सावकाशीची होती, आणि ती आखाड्याने घडवली. मल्लस्तंभाचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आहे. मात्र आजच्या मल्लखांबाचे श्रेय परंपरेने दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांना दिले जाते. निजामाच्या मुलखातून आलेल्या अली आणि गुलाब या मल्लांचे आव्हान स्वीकारण्यापूर्वी त्यांनी सप्तशृंगीवर उपासना केली आणि तेथे मारुतीने त्यांना ही विद्या दिली, अशी कथा आहे. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी एक गोष्ट महत्त्वाची उरते : कुस्तीला पूरक म्हणून आलेली ही विद्या माणसाला जमिनीवरून उचलते, आणि जमीन सुटल्यावर त्याने काय करायचे हे त्याच्या त्वचेला शिकवते.

पुरलेला मल्लखांब जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच असतो. तो सागाचा किंवा शिसवाचा, वर निमुळता होत जाणारा, आणि त्याला एरंडेल चोपडलेले असते. त्यावरचा पहिला धडा अढीचा, म्हणजे मांड्या व पाय खांबाभोवती आवळून धरण्याचा. दोरीचा मल्लखांब, जो पूर्वी वेताचा असे, याहून कठोर आहे. सुमारे साडेपाच मीटरचा सुती दोर वरून सोडलेला असतो आणि त्याला एकही गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत तो दोर धरून शरीर वर सरकवायचे, आणि उंचावर दोराचे वेढे अंगाभोवती अशा बेताने घ्यायचे की दोन्ही हात सोडले तरी आसन मोडू नये. नवशिक्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात आधी जळजळ होते, मग कातडी सोलवटते, आणि काही आठवड्यांनी तेथे घट्टा पडतो. मनाला धीर देणारा कोणताही मंत्र इथे वेगळा शिकवला जात नाही. पायाची चिमटी सुटत नाही हा अनुभव शेकडो वेळा घेतल्यावर धीर आपोआप उतरतो, आणि उस्ताद त्याच अंदाजाने मुलाला हात-दोन हात अधिक वर जाऊ देतो. या शिक्षणाची थोरवी त्याच्या या मुकेपणात आहे.

आधुनिक प्रस्तरारोहणाने भयाच्या याच प्रश्नाला दुसऱ्या अंगाने हात घातला. मुंबईत १९५४ मध्ये ‘गिरिविहार’ ही संस्था स्थापन झाली. पुढे संरक्षण मंत्रालय आणि उत्तर प्रदेश शासन यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये उत्तरकाशीला नेहरू गिर्यारोहण संस्था उभी राहिली, आणि तो डोंगराळ जिल्हा २००० सालापर्यंत लखनौच्याच कारभाराखाली होता. महाराष्ट्रातील तरुण तेथे जाऊन शास्त्रशुद्ध दोरकाम शिकून येत. या पद्धतीत विश्वासाची जागा बदलते : पहिला चढत असताना दुसरा खाली दोर सांभाळतो, ज्याला ‘बिले’ देणे म्हणतात, आणि चढणाऱ्याच्या मनाचा अर्धा भार त्या दुसऱ्याच्या हातावर राहतो. म्हणूनच पडण्याचाही सराव करावा लागतो. कातळात ठोकलेल्या शेवटच्या मेखेच्या जरा वर जाऊन मुद्दाम हात सोडायचा, दोराचा हिसका अंगावर घ्यायचा, आणि हे अंतर थोडेथोडे वाढवत न्यायचे.

सह्याद्रीचा कातळ मात्र एवढ्यावर समाधान मानत नाही. लाव्हाच्या थरांचा हा बेसॉल्ट जागोजाग ढिसूळ असतो, त्यामुळे धरण्यापूर्वी मुठीने ठोकून त्याचा आवाज ऐकावा लागतो. तो पोकळ वाजला तर ती पकड, दिसायला कितीही मोठी असली तरी, सोडून द्यावी लागते. कृत्रिम भिंतीवर तयार झालेल्या आरोहकाला हा कानाचा संयम नव्याने शिकावा लागतो.

पाश्चात्त्य जगातही अधांतरी वावरण्याचे कसब काही अंशी व्यायामशाळेतून डोंगरावर गेले. अमेरिकी गणितज्ञ जॉन गिल हा मुळात दोर चढणारा जिम्नॅस्ट. त्याने १९५० च्या दशकात व्यायामशाळेतील खडूची भुकटी आणि झेप घेण्याची शैली कातळावर आणली. १९७५ मध्ये मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने संपूर्ण एकाग्रतेच्या अवस्थेचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बुद्धिबळपटू आणि शल्यविशारद यांच्याबरोबर प्रस्तरारोहकही त्यात होते.

बाळंभटदादांच्या विद्येची परीक्षा पुढे मुंबईत एका निराळ्याच प्रकारे झाली. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या परंपरेत अंध मुलींनाही दोरीचा मल्लखांब शिकवला गेला. खाली किती अंतर आहे हे त्यांना दिसत नाही, आणि पुढचे आसनही पाहून शिकता येत नाही. शिक्षकाचा हात, दोराचा स्पर्श आणि पायाच्या अंगठ्याची चिमटी एवढ्या खुणांवर त्या वर जातात, दोराचा वेढा घेतात आणि दोन्ही हात सोडतात.